बायकांचं ताट

आमच्या सासरी ताट फेकायची रीत होती. इतर घरांत कुळाचार असतात, आमच्याकडे हे होतं. सासरे जेवायला बसायचे, पहिला घास तोंडात टाकायचे आणि भात मनासारखा नसला की ताट उचलून समोरच्या भिंतीवर हाणायचे. पितळेचं चांगलं जाड ताट होतं. त्याचा आवाज शेजारच्या घरांत जायचा आणि शेजारणी आपापल्या चुलीपुढे बसल्या बसल्या समजून जायच्या, की आज यांच्याकडे भात बिघडला. ताटाची कड जागोजागी चेपलेली होती. सासूबाई ते उचलून राखेनं घासायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यातच वाढायच्या.

एकोडीजवळच्या या गावात मी लग्न होऊन आले ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. माझं माहेर कारध्याचं, वैनगंगेच्या काठचं. तिथं माझे वडील आईशी भांडायचे नाहीत असं नाही, पण भांडण अन्नापर्यंत जायचं नाही. त्यामुळे सासरी पहिल्यांदा ताट उडालं तेव्हा मला वाटलं, घरात साप निघाला. मी खुळ्यासारखी साप शोधत उभी राहिले. नवऱ्यानं मान खाली घातली. सासूबाई भिंतीवरून ओघळणारं वरण फडक्यानं पुसत होत्या. मला म्हणाल्या, "पाहून नोको राहू वो बाई. होते सवय." मला ती सवय कधीच झाली नाही, आणि याचा मला अजून अभिमान वाटतो.

सासऱ्यांचा सगळा मोठेपणा भातात होता. आमच्या भागात धानाशिवाय दुसरं काही नाही. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावरात, धान, अंगणात धान, कोठीत धान. पूर्वी घरोघरी ढेकी असायची, पायानं दाबून धान कुटायची. त्यातून निघणारा तांदूळ तांबूस, कोंड्याची साल अंगावर असलेला. मग राईस मिल आली आणि पांढरा भात खाणारा तो मोठा माणूस, असं ठरून गेलं. सासरे धान मिलवर पाठवताना दोनदा पॉलिश करायला बजावून सांगायचे. तांदूळ घरी आला की मूठभर घेऊन उन्हात धरायचे. तांबडी रेघ दिसली की ज्यानं पोतं आणलं त्याच्या कानाखाली वाजवायचे. एका गड्याचा त्यांनी यापायी दात पाडला होता आणि ते कौतुकानं पाहुण्यांना सांगायचे.

हा तांदूळ मोठ्या पातेल्यात, गंजभर पाण्यात शिजवायचा, पेज ओतून काढायची, म्हणजे दाणा न् दाणा सुटा होतो. त्यावर तूप, तुरीचं घट्ट वरण आणि शेवटी गुळाचा मोठा खडा. दिवसभर चहा आणि चहात साखर म्हणाल तर तळाशी उरायची. पालेभाजीला ते "ढोराईचा चारा" म्हणायचे. चुकून ताटात आली तर ताट भिंतीवर, आणि जवळ असली तर सासूबाईंच्या अंगावर.

पुरुष उठले की आम्ही बायका बसायचो. आमच्यासाठी ढेकीतला तांबडा तांदूळ आणि कणी, त्यांच्या भातातून ओतलेली पेज मीठ घालून, रानातल्या तरोट्याची नाहीतर अंबाडीची भाजी, गावच्या बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, बारीक मासोळ्या. आणि कधीमधी लाखोरीचं वरण. धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोरीचं बी फेकून देतात, ती आपली आपण उगवते. तिचा पाला भाजीला, दाणे डाळीला. पण तिच्याविषयी आमच्या भागात एक धाक होता. दुष्काळात महिनोन्‌महिने नुसती लाखोरी खाल्ली तर पाय जातात. आमच्याच गावात एक म्हातारा दोन काठ्यांवर अंग टाकून, पाय कातरीसारखे अडकवत चालायचा. त्याच्याकडे बोट दाखवून लहान पोरांना सांगत, लाखोरीनं खाल्लं त्याला. म्हणून कुणाचे पाय दुखले की आमच्याकडे पहिला संशय लाखोरीवर जायचा.

माझा नवरा साकोलीला शाळेत मास्तर होता. स्वभावानं गरीब. बापासमोर त्याचा आवाज निघायचा नाही आणि माझा मात्र निघायचा, त्यामुळे घरात मी वाईट ठरले होते. सासूबाई मार खायच्या तेव्हा आवाज करायच्या नाहीत. एकदा मी चिडून विचारलं, "ओरडत काहून नाई तुमी आत्याबाई?" तर म्हणाल्या, "वरडलं त जोर येते त्याईले." माझ्या आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात भयंकर वाक्य ते, आणि त्या ते भाजी निवडत म्हणाल्या.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. थंडीचे दिवस होते, छपरीत शेकोटी पेटवलेली. सासरे शेकत बसले होते. मी पाणी घेऊन गेले तर मांस जळाल्याचा वास आला. बघते तर त्यांची टाच धगधगत्या निखाऱ्यावर टेकलेली. कातडी जळत होती आणि ते बोडीच्या पाण्यावरून कुणाला तरी शिव्या देत होते. मी किंचाळले. त्यांनी खाली बघितलं, पाय काढला, टाचेला बोट लावलं. पुन्हा लावलं. दुखत नव्हतं. त्या माणसाच्या तोंडावर भीती मी पहिल्यांदा बघितली, पण ती फार वेळ टिकली नाही. तिचा राग झाला.

"लाखोरी," ते म्हणाले.

ते तसेच उठून स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यात आमचं लाखोरीच्या डाळीचं मडकं होतं. ते त्यांनी उचलून जमिनीवर आपटलं. "माह्या वरनात लाखोरी मिसळते! पाय घेऊन राहिली माहे!" असं ओरडत दारामागची बैल हाकायची काठी काढली आणि सासूबाईंना मारायला सुरुवात केली. पाठीवर, कमरेवर, डोक्यावर. डोकं वाचवायला त्यांनी हात वर केला आणि मनगटावर काठी बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळली काडी मोडल्यासारखाच होता. मी मध्ये पडले, एक काठी माझ्या खांद्यावर बसली. मी ओरडले, "लाखोरी त आमीच खातो ना मामाजी! आमचे पाय काहून नाई गेले मंग?"

उत्तर म्हणून त्यांनी मला आणखी एक मारली. तेवढ्यात नवरा शाळेतून आला आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बापाचा हात धरला. धरून रडायला लागला, हे वेगळं.

गावच्या हाडवैदानं सासूबाईंचं मनगट बांधलं. ते वाकडंच जुळलं. त्यानंतर घरात लाखोरीचा दाणाही येऊ दिला नाही सासऱ्यांनी. सासूबाईंनी एका हातानं रांधायचं, त्यांच्यासमोर तुरीची डाळ निवडायची, त्यांच्यासमोर शिजवायची. बांधीतली लाखोरीही बैल सोडून चारून टाकली. लाखोरी गेली पण पायातल्या मुंग्या गेल्या नाहीत. भाजलेली टाच भरून येईना. हळद झाली, कडुलिंब झाला, कुणीतरी सांगितलं म्हणून काय काय थापलं. अंगठा निळा पडला, मग काळा. घरात असा वास भरला की वाटसरू दारासमोरून नाकाला धोतर लावून जायचे. आणि हे सगळं चालू असताना तूप, गूळ, पांढरा भात तसाच. अशक्तपणा आला म्हणून उलट दोन खडे गूळ जास्त.

शेवटी भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी दुसऱ्या, चांगल्या वाटणाऱ्या पायाला टाचणी टोचली. सासऱ्यांना कळलं नाही. मी लाखोरीचं सांगितलं, तर म्हणाले, "लाखोरीनं पाय ताठ होतात, बधिर होत नाहीत. हा साखरेचा आजार आहे. बऱ्याच वर्षांपासून अंगात असणार." म्हणजे सासूबाईंचं मनगट मोडलं ते उगाच. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या मनगटाकडे बघत नव्हत्या, दाराकडे बघत होत्या.

पाय गुडघ्याखालून कापला. सुटी देताना डॉक्टरांनी आम्हा दोघींना बोलावलं आणि सासूबाईंना आधी वय विचारलं. सासऱ्यांहून दोन-चार वर्षांनीच लहान. मग विचारलं, "तुम्ही काय खाता?" त्या लाजल्या, म्हणून मीच सांगितलं. कणी, तांबडा भात, पेज, तरोटा, मासोळ्या. डॉक्टर म्हणाले, "पेज सोडून बाकी त्यांनाही हेच द्या. भात थोडाच, भाजी जास्त. पॉलिशचा तांदूळ, गूळ, साखर बंद. खाणं सांभाळून गोळ्या घेतल्या तर दुसरा पाय वाचेल. नाही सांभाळलं तर तोही जाईल, आणि त्यानंतर माणूसही फार दिवस राहत नाही."

परतीच्या बसमध्ये कारध्याचा पूल ओलांडताना मी माहेरचं घर दिसतं का बघत होते. सासरे एकदम म्हणाले, "पाय कापला त कापला. पन मी बायकाईचं खानार नाई."

त्यांनी शब्द पाळला. आता हातात काठीऐवजी कुबडी होती, आणि कुबडीला टोक होतं. बसल्या जागेवरून ते ती अशी फेकायचे की नेम चुकायचा नाही. तांबडा भात आणि तरोटा समोर आला की ताट भिंतीवर, नाहीतर सासूबाईंच्या कपाळावर. एकदा ताटाची चेपलेली कड भुवईवर लागली. रक्त डोळ्यात उतरलं आणि त्या तशाच, एक डोळा मिटून, सांडलेला भात वेचत राहिल्या. दिवसातून दोनदा जेवण, दोनदा युद्ध. डॉक्टरांनी त्या माणसाचा जीव सासूबाईंच्या हातात दिला होता आणि तो जीव वाचवण्यासाठी रोज त्यांच्याच अंगातून रक्त निघत होतं. नवरा म्हणाला, "देऊन टाका ना त्याईले काय पायजे ते." मी म्हटलं, "मंग तुमीच वाढा." तो शाळेला निघून गेला.

मग दुसऱ्या पायाच्या करंगळीजवळ निळा डाग दिसला.

तो दिसल्यावर चार-पाच दिवसांतली गोष्ट. उन्हाळा होता, मोहफुलं गोळा करायचे दिवस. मी दुपारी विहिरीवरून दोन गुंड, म्हणजे पितळी घागरी, डोक्यावर घेऊन आले, तर घरात शांतता. ताटाचा आवाज नाही, शिव्या नाहीत. उलट तुपाचा वास. मी आत गेले. सासरे पाटावर बसलेले, समोर ते पितळेचं ताट. त्यात पांढरा फेक भात डोंगराएवढा, पाहुण्यांसाठी ठेवलेला सगळ्यात बारीक तांदूळ. वर तूप, बाजूला घट्ट वरण, गुळाचा शिरा, वर आणखी गूळ किसून. सासूबाई समोर मांडी घालून बसल्या होत्या. नवऱ्यासमोर अशा बसलेल्या मी त्यांना कधीच बघितल्या नव्हत्या.

"आता आली अक्कल बुढीले," सासरे मला म्हणाले. त्या दिवसांत पहिल्यांदा हसत होते. हात भातात घातला होता.

मी सासूबाईंकडे बघितलं. "हे काय वो आत्याबाई? डाक्टरनं काय सांगतलं होतं?"

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी थंड. "जेवू दे त्याईले. आज जेवू दे. उद्या बी असंच करून देईन. रोज करून देईन."

त्यांच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते मला नीट कळलं. मी काही साधी बाई नाही, मला राग ओळखता येतो. इतक्या वर्षांत ज्या ओरडल्या नाहीत, त्यांनी आता हत्यार उचललं होतं, आणि ते तुपात न्हालेलं होतं. कुणाला कळलंही नसतं. गाव म्हणालं असतं, बाईनं शेवटपर्यंत त्याच्या मनासारखं केलं.

खोटं कशाला सांगू, मला सासऱ्यांची पर्वा नव्हती. मेले असते तर मी दोन दिवस सुतक पाळून तिसऱ्या दिवशी सगळ्या भिंती सारवल्या असत्या. पण सासूबाई उरल्या असत्या, स्वतःच्या हातांनी वाढलेलं ते ताट आठवत, मरेपर्यंत. या माणसानं त्यांचं सगळं घेतलं होतं. आता जाता जाता त्यांना खुनी करून जाणार होता. हे मला सहन झालं नाही.

मी डोक्यावरचे गुंड खाली आपटले, पुढे झाले आणि सासऱ्यांच्या हाताखालून ताट ओढून भिंतीवर फेकलं. पूर्ण ताकदीनं. भात, तूप, शिरा सगळं भिंतीला चिकटलं आणि ताट घरभर वाजत फिरलं. त्या घरात बाईनं फेकलेलं ते पहिलं ताट. सांगते, हात हलका होतो. सासरे वर्षानुवर्षं का फेकत होते, ते त्या क्षणी मला थोडं कळलं.

सासऱ्यांनी कुबडी उचलली. पण त्यांच्या आधी सासूबाई उठल्या आणि त्यांनी माझ्या तोंडात मारली. वाकड्या मनगटाच्या हातानं. "काहून फेकलं? त्याच्यासाठी फेकलं?"

"त्याईच्यासाठी नाई," मी म्हटलं. माझ्या ओठातून रक्त येत होतं. "तुमच्यासाठी. तुमच्या हातानं नोको. ते आपल्या मरनानं मरू दे."

सासूबाई जागच्या जागी खाली बसल्या आणि रडायला लागल्या. आवाज करून. त्यांचं रडणं मी पहिल्यांदा ऐकलं. सासऱ्यांची कुबडी तशीच हवेत होती. ते एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा भिंतीकडे. हळूहळू त्यांना उमगत गेलं. कुबडी खाली आली.

"मले मारून राहिली होती का वो तू?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं. "हव," त्या म्हणाल्या. "तुमीच त मांगून राहिले होते."

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी रोजच्यासारखं वाढलं. मूठभर तांबडा भात, तरोटा, पातळ वरण. आम्ही दोघी भिंतीपासून जरा लांबच उभ्या राहिलो. सासरे ताटाकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी ते पुढे सरकवलं आणि सासूबाईंना म्हणाले, "आधी तू खाय."

त्यांना भीती बसली होती, ताटात काय असेल याची. आयुष्यभर ज्या बाईला घाबरवलं तिच्या हाताची. मग रोज तेच सुरू झालं. सासूबाई त्यांच्या ताटात पहिला घास घ्यायच्या, आणि त्या माणसाचं एका घासानं समाधान होईना. "भाजी बी खाय. वरन बी खाय." सासूबाई सावकाश चावून खायच्या आणि ते वाट बघत बसायचे. मी दाराआडून बघायचे आणि मला हसू आवरायचं नाही. ज्या घरात बायका उरलंसुरलं खायच्या, त्या घरात आता सासूबाई पहिल्या जेवत होत्या आणि सासरे त्यांच्यानंतर, त्यांच्याच ताटात, बायकांचं खाणं. ताट फेकायची सोयच उरली नाही, कारण त्यांनी फेकलं असतं तर नवीन ताटातलं पुन्हा तपासावं लागलं असतं. माणूस प्रेमानं सुधारतो असं म्हणणारे म्हणोत. आमच्या घरात तो भीतीनं सुधारला.

करंगळी गेली पण पाय राहिला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे ते तापानं गेले, दुसऱ्या पायासकट. शेवटची वर्षं त्यांची बरी गेली. अंग हलकं झालं होतं, कुबडीवर बोडीपर्यंत जाऊन यायचे. सासूबाईंना त्यांनी पुन्हा मारलं नाही. माफीही मागितली नाही.

त्यानंतर एकदा गावात आरोग्याच्या नर्सबाई आल्या होत्या. देवळासमोर बायकांना जमवून म्हातारपणी काय खावं, काय नाही, हे समजावून सांगत होत्या. सासूबाई तेव्हा सत्तरीच्या पलीकडे गेल्या असतील. पाठ ताठ, दात बरेच शाबूत, अजून बांधीत वाकून धानाची रोवणी करायच्या. नर्सबाईंनी त्यांना पुढे बसवलं. सगळ्यांना दाखवायला चांगला नमुना मिळाला म्हणून खूश होत्या. म्हणाल्या, "आजी, सांगा बरं या सगळ्यांना, जन्मभर काय खाल्लं तुम्ही?"

"उरलं ते," सासूबाई म्हणाल्या.

तरुण मुली हसल्या. नर्सबाईंनाही वाटलं, आजी थट्टा करतात, त्याही हसल्या. माझ्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी मात्र एकही हसली नाही. त्या सगळ्यांच्या घरात तेच ताट होतं. नर्सबाई पुढे तांदळाच्या कोंड्यात काय काय असतं ते सांगायला लागल्या. सासूबाईंनी वाकडं मनगट पदराखाली घेतलं, उठल्या आणि घराकडे चालू लागल्या. मी त्यांच्यामागे निघाले, आणि त्यांना गाठता गाठता मला धाप लागली.